कर्कटक

रविवार, रात्री साडेनऊ

पोटऱ्या भरून आल्यात. बूट गॅलरीत उलटे टाकलेत, अजून ठिबकतायत.

सकाळी सातला बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटवर आम्ही अकरा जण, कान्हेरीची बौद्ध लेणी बघायला. सोबत वनखात्याचे गार्ड, पन्नाशीचे, पार्कातल्याच पाड्यावर वाढलेले. "काका, बिबट्या दिसेल का?" असं कुणीतरी विचारलंच. "तो बघतो आपल्याला. तेवढं पुरे," म्हणाले आणि चालायला लागले.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. पावसात भिजलेला कातळ बघितला की नाव वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शंभरावर लेणी, इसवी सनाआधीच्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं खोदत गेलेली. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, सगळ्यांना माहीत असतं, तिथे फोटोंचीच गर्दी. काकांनी आम्हाला फार वेळ थांबू दिलं नाही. त्यांचा जीव पोढ्यांवर. पोढी म्हणजे लेण्याशेजारी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. वरच्या उतारावर बोटभर रुंदीची पन्हळ कोरलेली, त्यातून पाणी वाकडंतिकडं येऊन बरोबर टाक्यात पडत होतं. मी त्यात बोट धरलं, तर पाणी बोटाला वळसा घालून पुढे गेलं. (आमच्या सोसायटीच्या गच्चीचा उतार तीनदा काढूनही पाणी जिन्यातच येतं.)

अशीच एक पोढी कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने दान दिली, तसा लेख आहे. सोनार, त्याचं गाव, त्याने काय दिलं, बस. कल्याणहून दागिने घडवणारा माणूस इथल्या भिक्षूंच्या पाण्याची सोय करतो आणि ब्राह्मीत नाव लिहवून घेतो. हे मला फार आवडलं.

तेवढ्यात आमच्यातलाच एक मुलगा, आठवी-नववीतला, किल्लीने भिंतीवर काहीतरी ओढायला लागला. काका ओरडले नाहीत. किल्ली काढून घेतली, त्याच्या आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "चल, तुला गंमत दाखवतो." चांगलं चढवलं आम्हाला, नव्वद नंबरपर्यंत. तिथे पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, कोरलेले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली लेणी बघायला आलेल्या पारशांनी आपापली नावं नि तारखा कोरून ठेवलेल्या.

मुलगा लगेच, "मग त्यांनी लिहिलेलं चालतं?"

काका हसले. "त्यांना गार्ड नव्हता भेटला."

सगळे हसले. मी जरा उशिरा हसले. कारण दहावीच्या सहलीत कंपासपेटीतल्या कर्कटकाने मी माझं आणि सुषमाचं नाव एका खांबावर कोरलं होतं. बाई ओरडायच्या आत फक्त 'सुष' झालं होतं. कातळ इतका टणक की कर्कटकाचं टोक मोडलं आणि घरी आईने वेगळं झापलं.

उतरताना मी मागे रेंगाळले. दोन लेण्यांतले खांब चाचपले. शेवाळ, पावसाचे ओघळ, दुसऱ्याच कुणाची बदामं. काकांनी विचारलं, "ताई, काही हरवलं का?"

"नाही, चपटा दगड शोधतेय, बुटाला चिखल लागलाय," म्हटलं.

त्यांनी काठीच्या टोकाने एक दगड माझ्याकडे सरकवला.