सोयीच्या लग्नाच्या कादंबऱ्या मी का वाचते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भिशीत, लग्नाच्या पंगतीत, घरी आलेल्या पाहुण्यांनी कपाट उघडलं की तेच: एवढी शिकलेली बाई, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, आणि नागपुरातल्या बर्डीवरून जुन्या इंग्रजी कादंबऱ्या आणते, त्याही गरजेपोटी लग्न करून मग प्रेमात पडणाऱ्यांच्या. वर आणखी, ‘आपल्याकडे तर सगळी लग्नं सोय बघूनच होतात, त्यात वाचायचं काय?’

हा दुसरा प्रश्न मला जास्त लागतो.

या कादंबऱ्यांत सोय तोंडाने बोलली जाते. तिला व्हिसा हवा असतो, त्याला आजोबांच्या मृत्युपत्रातली अट पुरी करायची असते. अमेरिकेतल्या गोष्टींत कधी कधी आरोग्यविम्यासाठी लग्न होतं, कारण तिथे विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो आणि नवऱ्या-बायकोलाही लागू करता येतो. जुन्या इंग्लंडातल्या गोष्टींत तर पैशाचंच बोलणं असतं; १८८२च्या कायद्याआधी तिथे बायकोची बरीचशी मालमत्ता लग्नाबरोबर नवऱ्याच्या ताब्यात जायची. गोष्ट कुठलीही असो, एक प्रसंग बहुतेक ठरलेला. दोघं समोरासमोर बसतात आणि अटी ठरवतात. किती दिवस, कुणाची खोली कुठली, खर्च कुणाचा, घरच्यांना काय सांगायचं. पुढचं प्रेम मी कित्येकदा भरभर उलटते. हा प्रसंग मात्र परत वाचते.

आमची बैठक धरमपेठेत, माझ्या माहेरी झाली. देणंघेणं, मानपान, हॉल कुणाकडे, सगळं मोठ्यांनी बोलून घेतलं. सासूबाईंना ‘थोडा बीपीचा त्रास’ आहे, असं कळलं. लग्नात त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. गुडघे धरलेत म्हणाले. सत्यनारायण झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावससासूंनी मला आतल्या खोलीत नेलं. पलंगाला लोखंडी कठडे होते. सासूबाईंची उजवी बाजू अर्धांगवायूने गेलेली होती. मावशींनी कप्प्याकप्प्यांचा औषधांचा डबा माझ्या हातात दिला, सकाळच्या गोळ्या, दुपारच्या, रात्रीच्या. म्हणाल्या, “आता तू आलीस न, बाईला एक तारखेपासून नाही सांगितलंय.”

ती बाई तिथेच चादरीची घडी घालत होती. मावशी बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, “साखरपुड्यापासूनच म्हणत होते, सून आली की तुझी सुट्टी.”

म्हणजे माझ्या लग्नाची अट तिला माहीत होती. बैठकीत बसलेल्या अर्ध्या लोकांना माहीत होती. हे दारात उभे होते, त्यांनाही होती. मे महिना, कूलर मोठ्याने चालला होता, आणि ते कूलरकडे बघत राहिले. मी हातातल्या डब्याचं झाकण उघडलं आणि सकाळच्या गोळ्या काढल्या, कारण त्यांची वेळ झाली होती.

सासूबाईंबद्दल माझी तक्रार नाही, तेव्हाही नव्हती. त्यांचं सगळं मी केलं आणि मनापासून केलं. त्या दुपारी झोपल्या की त्याच खोलीत मी ही पुस्तकं वाचायला लागले. त्या काळात मी मैत्रिणींना सांगायची, या गोष्टी धीर देतात, अनोळखी माणसाशीही जीव जडतो हे दाखवतात. आज ते मला पटत नाही. त्यांतल्या नायकांकडे गडगंज पैसा असतो. अंथरूण ओलं झालं तर ते बदलायला दुसरं कुणीतरी असतं. ‘वर्षाने वेगळे होऊ’ म्हणायची मुभा असते. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय १९७६ साली आली खरी, पण धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं असताना माहेरी परत कसं जायचं, ते कुठल्या कलमात आहे? हे सगळं मला कळतं, तुम्ही सांगायची गरज नाही.

तरी सगळ्यांना एका मापाने मोजू नका. जॉर्जेट हेयर यांची १९६१ची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ घ्या. वडिलांच्या कर्जात बुडालेला उमराव व्यापाऱ्याच्या मुलीशी पैशासाठी लग्न करतो. जीव दुसरीवर असतो, आणि ते हिला पहिल्यापासून ठाऊक असतं. शेवटीही त्याला हिच्याबद्दल तसं वेडं प्रेम वाटत नाही. आपुलकी वाटते, तिच्यावाचून घर चालत नाही. पूर्वी हा शेवट मला फसवणूक वाटायचा. आता वाटतं, ठाऊक असून ती ‘हो’ म्हणाली, हे तिच्याजवळ होतं.

ह्यांना मी एकदा विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत? म्हणाले, “तू नाही म्हटली असतीस.” आमचा संसार चांगला चाललाय, ते वाईट माणूस नाहीत, माझं त्यांच्यावर प्रेम आहे. पण त्या उत्तराचा मला अजून राग येतो. मी ‘नाही’ म्हटलं असतं की ‘हो’, हे मलाही सांगता येत नाही. कधी वाटतं, समोर बसवून विचारलं असतं तर आनंदाने आले असते. कधी वाटतं, बॅग न भरताच नाही म्हटलं असतं. बर्डीवरून पुढचं पुस्तक आणलं की आधी मी तोच प्रसंग शोधते.