स्वतःचं लेबल काढलं, पण जुनी गाणी हलवताना जीव मेटाकुटीला आला

बँडची सहा गाणी मीच प्रोड्यूस केलेली. मिक्स, मास्टर, लेबलचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ती फुकट होती) यात कुठेच अडलं नाही. अडलं ते गाणी जुन्या डिस्ट्रिब्युटरकडून (गाणी स्ट्रीमिंग अ‍ॅप्सवर पोचवणारी कंपनी) आपल्या लेबलवर आणताना.

नव्या ठिकाणी गाणं चढवताना फॉर्ममध्ये आयएसआरसीचा, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या ओळख-कोडचा, रकाना असतो. तो रिकामा सोडला की नवा कोड आपोआप पडतो, आणि तिथेच जुने प्ले तुटतात. कोड बारा अक्षरांचा: पहिली पाच प्रिफिक्सची (कोड देणाऱ्याची ओळख), दोन वर्षाची, पाच अनुक्रमांकाची. तो रेकॉर्डिंगला चिकटलेला असतो, डिस्ट्रिब्युटरला नाही. म्हणून आधी जुन्या डॅशबोर्डवरून सगळे कोड उतरवून घ्या. तीच वेव्ह फाइल, तेच शीर्षक, कलाकाराच्या नावाचं तेच स्पेलिंग वापरा. लाइव्ह किंवा रीमिक्सला मात्र नवाच कोड लागतो.

क्रमही उलटा करू नका. आधी नवी कॉपी चढवायची, दोन्ही दिसू लागल्या आणि प्लेचा आकडा जुळला की मगच जुनी काढायला सांगायची.

माझा खरा संताप यूट्यूबच्या कंटेंट आयडीवरून झाला. ही यूट्यूबची यंत्रणा कुणाचं गाणं कुठल्या व्हिडिओत वाजतंय ते आपोआप ओळखते आणि मालकाच्या नावाने त्यावर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, लावते. जुन्या डिस्ट्रिब्युटरने गाणी स्ट्रीमिंग अ‍ॅप्सवरून काढली, पण त्यांची रेफरन्स फाइल (जिच्याशी व्हिडिओतलं गाणं ताडून पाहतात ती) यूट्यूबवर तशीच राहिली. आमच्याच चॅनेलवर आमचंच गाणं टाकलं आणि त्यावर त्यांचा क्लेम! जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे. मेलला उत्तर एकच, 'टेकडाउन पूर्ण झालं आहे.' टेकडाउन (गाणी अ‍ॅप्सवरून उतरवणं) आणि क्लेम सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यांना चौथ्या मेलला पटलं. तेव्हा पहिल्याच मेलमध्ये लिहा: 'कंटेंट आयडी असेट (त्यातली गाण्याची नोंद) आणि रेफरन्स काढा,' आणि सोबत प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी द्या.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. क्लेम आल्यापासून पाच दिवसांत डिस्प्यूट (यूट्यूबवर हरकत) केला तर पहिल्या दिवसापासूनचा महसूल अडकवून ठेवला जातो, नंतर केला तर डिस्प्यूटच्या दिवसापासूनचा. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. तो गप्प बसला तर क्लेम सुटतो. जुना क्लेम सुटायच्या आत नव्या डिस्ट्रिब्युटरला कंटेंट आयडी सुरू करायला सांगू नका, मालकीचा वाद उभा राहतो. आणि विकत घेतलेला ड्रम लूप (ड्रमचा तयार, फिरून फिरून वाजणारा तुकडा) असलेलं गाणं त्यात घालूच नका. तोच लूप दहा जणांनी वापरलेला असतो, मग आपला क्लेम त्यांच्या गाण्यांवर जातो.

हे आधीच सांगायला हवं होतं: जुन्या डिस्ट्रिब्युटरशी केलेल्या करारातली नोटिसची मुदत आणि आपोआप नूतनीकरणाचं कलम आधी वाचा. मुदत चुकली तर पुढचं काहीच हलत नाही.

आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) काम निराळं. तिथे नोंद होते ती चाल आणि शब्दांची, रेकॉर्डिंगची नाही. गीतकार-संगीतकारांच्या वाट्यांची बेरीज शंभर व्हायला हवी. हे वाटे लिहिलेल्या कागदावर सगळे स्टुडिओत असतानाच सह्या करून घ्या. ड्रमर बँड सोडून गेल्यावर त्याची सही मिळवणं फार जड जातं.