बाबांची ३१५ बोर रायफल माझ्या नावावर झाली, माझा अनुभव

बाबांच्या लायसन्सवर १९८४ पासून ३१५ बोरची रायफल होती, ती यंदा माझ्या नावावर झाली. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ओळखीच्या मराठी घरांतून सारखे फोन येतायत, की मुलीच्या नावावर होते का, वडील हयात असताना होते का, ट्रेनिंगमध्ये काय विचारतात. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. कागदांबद्दल थोडं लिहीन आणि काडतुसाबद्दल जास्त, कारण कागद काय लागतात ते कुठलाही वकील सांगतो पण घरात जी वस्तू येणार आहे तिची ताकद किती हे आपल्याकडे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत पण नाही, आणि माझ्या मते पहिल्यांदा विचारायला पाहिजे ते हेच.

थोडी पार्श्वभूमी. आमची ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याकडे शेती होती. फूलनदेवीने १९८३ मध्ये भिंडला शरणागती पत्करली होती तरी खेड्यांतली भीती काही लगेच गेली नव्हती, त्या काळात बाबांनी ही रायफल घेतली. आता शेती विकली, बाबांना पंच्याहत्तरी लागली, हात थरथरतात. दादा पुण्यात असतो, त्याला ती नकोच होती. विकून टाकू असं आई म्हणत होती, पण बाबांचा जीव होता तिच्यात, म्हणून मी म्हटलं, बाबा, मी घेते, पण नीट शिकून घेते.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, मुलीच्या नावावर होते आणि वडील असतानाच होते. कायदा १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट आणि त्याखालचे नियम २०१६ चे. त्यातला २५ वा नियम म्हणतो की लायसन्सधारक वारल्यावर तर वारसाला लायसन्स देता येतंच, पण त्याची सत्तर वर्षं पूर्ण झाली असतील किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असेल, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. बाबांच्या बाबतीत दोन्ही होतं. पण एक लक्षात ठेवा, रायफल घरात आहे म्हणून लायसन्स आपोआप मिळत नाही, नव्या अर्जदाराला लागतं ते सगळं तुम्हालाही लागतं. अर्जाचा फॉर्म ए-१, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट (मानसिक तब्येत ठीक आहे आणि नशेची सवय नाही हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं), आई आणि दादाचं ना हरकत शपथपत्र, शस्त्र सुरक्षित कुठे ठेवणार याचं लेखी, आणि एस-१ फॉर्म म्हणजे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. मग ठाण्याचं व्हेरिफिकेशन. घरी आलेल्या हवालदारांनी कपाट बघितलं, शेजारच्या काकूंना दोन प्रश्न विचारले, बाबांशी तासभर जुन्या डबऱ्याच्या गप्पा मारल्या. वेळ लागला पण कुठे अडलं नाही. २०१९ मध्ये इथल्या कलेक्टरांनी लायसन्स मागणाऱ्यांना दहा झाडं लावून त्या झाडांसोबतचा सेल्फी द्यायला सांगितलं होतं, मला ती कल्पना तेव्हाही फार आवडली होती, माझ्या वेळी कोणी मागितलं नाही तरी आम्ही झाडं लावली.

आता ट्रेनिंग. मी एका रायफल क्लबात गेले, शिकवायला आर्मीतून रिटायर झालेले एक सुभेदार साहेब होते. पहिल्या दिवशी रायफल हातात दिलीच नाही. टेबलावर चार डमी काडतुसं उभी केली, बारूद नसलेली, आणि विचारलं यातलं सगळ्यात ताकदवान कोणतं. एक पॉइंट २२, एक ३१५, एक ३२ बोर रिव्हॉल्व्हरचं आणि एक थर्टी-ओ-सिक्स. बॅचमधल्या एकाने ठामपणे ३२ सांगितलं, ०.३२ हा आकडा ०.३१५ पेक्षा मोठा ना. आणि हे त्याचं एकट्याचं नाही, आमच्या ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात अर्ध्या लोकांचा हाच समज आहे. साहेब म्हणाले, "नंबर मत देखो बेटा, खोखा देखो."

खोखा म्हणजे पुंगळी, पितळेचा मागचा भाग. काडतूस म्हणजे चार गोष्टी, पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत बारूद आणि तोंडाशी बसवलेली गोळी. आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, बोलण्यात चालतं, पण नळीतून बाहेर जाते ती फक्त पुढची गोळी आणि तिला ढकलणारी ताकद असते पुंगळीत. २२ ची पुंगळी साडेपंधरा मिलिमीटरची, ३२ रिव्हॉल्व्हरची तेवीस-चोवीस, ३१५ ची पन्नास आणि थर्टी-ओ-सिक्सची त्रेसष्ट. टेबलावर शेजारी उभी केली की डोळ्यांना लगेच दिसतं. ३२ बोर ३१५ शेजारी ठेवलं तर खांद्यापर्यंत पण येत नाही.

बोरचा आकडा इंचातली जाडी सांगतो, आणि ती सुद्धा ढोबळच. ३१५ म्हणजे ०.३१५ इंच, म्हणजे ८ मिलिमीटर, मूळ हे ऑस्ट्रियाचं ८ मिमी मॅनलिकर काडतूस, आणि प्रत्यक्षात त्याची गोळी मोजली तर ०.३२३ इंच भरते. इंग्रजांच्या काळात फौजेचं ३०३ काडतूस सामान्य लोकांच्या हातात जाऊ नये म्हणून इथे खाजगी रायफलींना हे वेगळं काडतूस आलं, आणि नंतर ईशापूरच्या फॅक्टरीने त्याच मापात रायफली बनवल्या, म्हणून आपल्याकडे जिथे बघावं तिथे ३१५. थर्टी-ओ-सिक्समधला ओ-सिक्स हा जाडीचा आकडा नाहीच, ते १९०६ साल आहे. आणि बारा बोरची तर तऱ्हाच उलटी, एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बसेल ती बारा बोर, म्हणून सोळा बोर बारापेक्षा बारीक असते. हे सगळं ऐकून मला खरंच वाटलं की हे शाळेत शिकवायला हवं, निदान आमच्याकडच्या तरी.

मग साहेबांनी फळ्यावर हिशोब मांडला, आणि मी गणिताची बाई आहे, मला हाच भाग सगळ्यात आवडला. ऊर्जा म्हणजे वजनाच्या निम्मं गुणिले वेगाचा वर्ग. २२ ची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, ऊर्जा आली १४० ज्यूल. ३२ रिव्हॉल्व्हरची गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास पण हळू, तिची दीडशे-पावणेदोनशे ज्यूल. ३१५ ची गोळी २४४ ग्रेन, म्हणजे १५.८ ग्रॅम, वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या वर, ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या जवळ. आणि थर्टी-ओ-सिक्सची १५० ग्रेनची गोळी घेतली तर ती ३१५ पेक्षा कितीतरी हलकी, ९.७ ग्रॅम, पण वेग ८८० मीटर, ऊर्जा पावणेचार हजार. वेगाचा वर्ग होतो ना, म्हणून हलकी गोळी जड गोळीला मागे टाकते. तीन हजार ज्यूल म्हणजे किती हे कळावं म्हणून मी घरी येऊन हिशोब केला, भरलेला घरगुती गॅस सिलिंडर तिसऱ्या मजल्यावरून, दहा मीटरवरून खाली टाकला तर जमिनीवर आदळताना त्याच्यात तेवढी ऊर्जा असते. आणि इथे ती सगळी करंगळीपेक्षा बारीक शिशाच्या टोकात. बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, चाळीस वर्षं कपाटात होती, मला कोणी हे सांगितलं नव्हतं.

ताकदीइतकंच महत्त्वाचं अंतर. २२ च्या काडतुसांच्या डब्यावर दीड मैलापर्यंत धोका असं छापलेलं असतं, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर, आणि ते सगळ्यात लहान काडतूस. आम्ही शहराच्या भर वस्तीत, चिटणीसांच्या गोठीजवळ राहतो, तिथून महाराज बाडा हा मोठा चौक पायी काही मिनिटांवर, मध्ये शाळा, भाजीवाले, गच्च्यांवर वाळत घातलेले पापड आणि माणसं. या शहरात रायफल सुरक्षितपणे झाडता येईल अशी दिशाच नाही, रेंज सोडून. म्हणून लग्नातल्या हर्ष फायरचा, म्हणजे आनंदाने हवेत गोळ्या झाडण्याचा, मला मनापासून संताप येतो. वर झाडली की गोळी जाते कुठे? पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हॅचर नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याने सरळ वर झाडलेल्या रायफलच्या गोळ्यांच्या चाचण्या फ्लोरिडात केल्या होत्या, त्या सेकंदाला ९० मीटरच्या आसपास वेगाने परत येतात, आणि तेवढा वेग डोक्याला पुरेसा आहे. आणि वरातीत कोणी सरळ वर धरत नाही, तिरकी धरतात, तिरकी गेलेली गोळी आपला वेग बराचसा राखून कुठल्या तरी गच्चीवर उतरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात वरपक्षाकडच्या एकाने दुनळी आणलेली बघून मी आणि काकांनी सरळ जाऊन सांगितलं, दाजी, ती गाडीत कुलपात ठेवा नाहीतर वरात निघणार नाही. ठेवली त्यांनी. वाईट दिसलं असेल, दिसू दे.

सुरक्षेचे नियम तेच जे जगभर शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरा, नळीचं तोंड जिथे भोक पडलेलं चालणार नाही तिकडे कधीच नेऊ नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही तर चापाच्या कड्याबाहेर सरळ, आणि निशाण्याच्या मागे काय आहे ते माहीत असू द्या. ऐकायला सोपे, पण साहेबांनी ते अंगात मुरेपर्यंत करून घेतले. कोणी रायफल दिली की आधी बोल्ट म्हणजे नळीमागचा सरकता दांडा मागे ओढायचा, चेंबरमध्ये म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत बघायचं, आणि नुसतं बघायचं नाही तर करंगळी आत घालून चाचपायचं, कारण घाईत डोळ्यांना जे बघायचं असतं तेच दिसतं. मॅगझिन, म्हणजे जास्तीची काडतुसं भरायची खालची पेटी, वेगळं तपासायचं. ज्याने दिली त्याने तुमच्यासमोर तपासली असली तरी आपण परत तपासायची, यात कोणाचा अपमान नाही. सेफ्टी, म्हणजे चुकून झडू नये म्हणून असलेली कळ, डाव्या बाजूला असते, ती लावायची पण तिच्या भरवशावर राहायचं नाही, तो एक लोखंडाचा तुकडा आहे आणि झिजतो.

भरतानाचं एक बारीक काम मला फार आवडलं. ३१५ च्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, रिम. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे बसली पाहिजे, मागे राहिली तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही अडकतात. अंगठ्याने दाबताना ती पुढे सरकली की हलकीच टिक अशी जाणवते. डमी काडतुसांवर हे इतकं केलं की अंगठ्याचं नख काळं पडलं.

आणि दोन गोष्टी ज्या घरात बंदूक असलेल्यांनाही माहीत नसतात. चाप ओढला आणि काहीच झालं नाही तर बोल्ट लगेच उघडायचा नाही, नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण प्रायमर कधी कधी उशिरा पेटतो आणि बोल्ट उघडा असताना पेटला तर पुंगळी तोंडावर फुटते. दुसरं, आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी बसला, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, मागून दुसरी झाडली तर नळी फाटते. खाली करून, बोल्ट काढून नळी आरपार बघायची.

हे ऐकल्यावर घरी आले आणि बाबांच्या कपाटातला जुना डबा काढला. काही काडतुसांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता, एकाची गोळी पुंगळीत हलत होती. बाबा म्हणाले, खडकीच्या फॅक्टरीचा माल आहे, काही होत नाही. मी ऐकलं नाही. माल चांगलाच होता पण इतकी वर्षं उन्हाळ्याच्या पंचेचाळीस डिग्रीत आणि पावसाळ्याच्या दमटपणात पडलेला. बाबांच्याच लायसन्सवर डीलरकडे जमा केली, पावती घेतली.

रेंजवर खरी ३१५ झाडली तेव्हा मागे उंच मातीचा बांध, कानाला मफ्स, खांद्यात दस्ता घट्ट दाबलेला. धक्का जोरात बसतो पण दस्ता सैल धरला तरच लागतो. पहिल्या गोळीनंतर साहेबांनी मला बांधापाशी नेऊन माती उकरून दाखवली, गोळी शोधायला कोपरापर्यंत हात घालावा लागला. ती मऊ टोकाची गोळी फुलासारखी उमललेली होती. एस-१ वर सही त्यानंतर झाली.

लायसन्स आलं, यूआयएन म्हणजे लायसन्सधारकाचा ओळख नंबर मिळाला, बाबांच्या लायसन्सवरून रायफल कमी होऊन माझ्यावर चढली. नवं लायसन्स पाच वर्षांचं असतं. निवडणूक लागली की ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करायचा आदेश निघतो, तेव्हाची पावती लायसन्ससोबतच ठेवा. घरी आता रायफल भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी पेटीत, रायफलचा बोल्ट काढून दुसऱ्या कपाटात, काडतुसं तिसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या माझ्याकडेच. खंडेनवमीला पूजेत ठेवली ती बोल्टशिवाय, हळदकुंकू दस्त्यावर, काडतुसाला त्या खोलीत पाय नाही. आईला हे पटलं, ती म्हणाली, आता मला त्या खोलीत झोप लागेल.

दिवाळीत दादाची मुलं येतायत, मोठा तेरा वर्षांचा आहे आणि त्याला रायफल बघायची आहे. दादाशी फोनवर बोलून ठरवलंय, आधी चारही डमी काडतुसं त्याच्यासमोर ठेवायची आणि ताकदीचा हिशोब त्याच्याकडूनच करून घ्यायचा, मग क्लबात एअर रायफलवर चार नियम शिकवायचे, आणि तरी त्याला बघायची असली तर बोल्ट काढलेली दाखवीन, बाबांसमोर.