कुत्रा आहे

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कुकर लावला, की पहिल्या शिट्टीला ब्रूनो आमच्याकडे येतो. जिना चढतो, लोटलेलं दार नाकाने उघडतो आणि माझ्या वेताच्या खुर्चीखाली शिरतो. शिरतो म्हणजे डोकं तेवढं शिरतं. बाकीचा जर्मन शेफर्ड हॉलमध्ये उघड्यावरच राहतो. पण डोकं आत गेलं की आपण संपूर्ण लपलो, अशी त्याची खात्री असावी. तीन शिट्ट्या होतात, गॅस बंद होतो, आणि तो काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खाली निघून जातो. दीड वर्षाचा आहे. कोथरूडमधल्या आमच्या नऊ बिऱ्हाडांच्या सोसायटीची राखण करायला त्याला आणलेला आहे.

परवा दुपारी त्याच्या मागोमाग काकाही वर आले. चहा नको म्हणाले, म्हणजे विषय गंभीर होता.

"तुम्ही लहानपणी अल्सेशियन पाळला होतात ना? मग सांगा. हा ठेवू, का देऊन टाकू?"

गेल्याच्या आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीत दोन बंद फ्लॅट फुटले. त्यानंतर काकांच्या बंगळुरूच्या मुलाने हे पिल्लू पाठवलं. किती पैसे दिले ते तो सांगत नाही, त्यावरून बरेच दिले असणार. शिकवायला माणूस ठेवला. त्याने दोन महिन्यांनी हात टेकले. "काका, याच्यात ड्राइव्हच नाहीये, अंगावर जायची खुमखुमीच नाही," म्हणाला. सकाळी कुरिअरवाला आला, तेव्हा ब्रूनो फाटकाशी गेला आणि त्याच्यापुढे उताणा पडला. कुरिअरवाल्याने एका हाताने सही घेतली आणि दुसऱ्या हाताने पोट खाजवलं. काका सगळं गॅलरीतून पाहत होते.

मी काही बोललो नाही. कारण माझं मन 'अल्सेशियन' या शब्दावरच घसरलं होतं. हा शब्द आता कोण वापरतं? पहिल्या महायुद्धात इंग्रजांना 'जर्मन' हे तोंडात घ्यायला नको झालं, म्हणून त्यांनी या कुत्र्याचं बारसं नव्याने केलं. मग 1977 साली त्यांनी स्वतःच जुनं नाव परत चालू केलं. पण ती बातमी सहकारनगरला पोचली नव्हती. 1988 साली आमच्या घरी जो आला, तो अल्सेशियनच होता.

तेव्हा सहकारनगरात दिवे कमी आणि तळजाईच्या टेकडीच्या बाजूने अंधार फार. चड्डी-बनियनवाले येतात, अंगाला तेल चोपडून येतात, धरले तर सुळकन निसटतात, अशा गोष्टी रोज रात्री जेवताना निघायच्या. तेल कुठलं लावतात यावर आई आणि आत्या यांच्यात मतभेद होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खडकीच्या एका ओळखीच्या सुभेदारांकडून पिल्लू आणलं. स्कूटरच्या पुढच्या जागेत, भाजीच्या पिशवीत घालून. पिशवीतून दोन कान बाहेर. आमचं कुलदैवत जेजुरीचं, म्हणून आजीने नाव ठेवलं खंडू.

पिल्लू आलं आणि दुसऱ्याच रविवारी आबा पाटी रंगवायला गेले. मी बरोबर होतो. पेंटरचा दर अक्षरावर होता. 'कुत्र्यापासून सावध रहा' म्हणजे आबांच्या हिशेबाने दहा अक्षरं. पेंटर म्हणाला, बारा. कारण 'त्र्या' म्हणजे त, र आणि य, तीन अक्षरं. आबा म्हणाले, "जागा एकाचीच लागते ना? मग गणपती मंडळाच्या बोर्डावर 'श्री' काढतोस, त्याचे किती घेतोस?" पेंटर म्हणाला, देवाचं वेगळं, कुत्र्याचं वेगळं. असं बरंच चाललं. मी शेजारच्या दुकानातले पतंग पाहून आलो तरी चालूच होतं. शेवटी आबांनी खिशातून पेन काढलं, कागदावरचं खोडलं आणि नवीन मजकूर दिला. 'कुत्रा आहे.' चार अक्षरं. 'त्रा'चा वाद त्यांनी उदार मनाने सोडून दिला आणि पाचाचे पैसे दिले.

पिवळ्यावर काळी, चार स्क्रूंची ती पाटी फाटकावर लागली.

खंडू मोठा झाला, देखणा झाला, पण भुंकेना. मुका नव्हता. झोपेत भुंकायचा, अगदी खणखणीत. जागेपणी नाही. गल्लीतल्या एकाने निदान केलं की दूध-पोळी आणि ताकभातावर वाढलेला कुत्रा भुंकणार कुठून, मटण घाला. आबांनी विचारलं, "मटण खाणारे सगळे भुंकतात का?" त्यावर पुढची चर्चा थांबली. पण आबांच्या मनाला ते लागलं असावं. त्याच आठवड्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास ते लेंगा-बनियनवर अंगणात गेले. खंडूला फाटकाशी उभा केला, त्याच्या शेजारी स्वतः ओणवे झाले आणि रस्त्याकडे तोंड करून भुंकले. आधी हळू, मग आवाज सापडल्यावर चांगले जोरात. खंडू शेजारी बसून मान तिरकी करून ऐकत होता, गाण्याच्या बैठकीत पहिल्या रांगेतले लोक ऐकतात तसा. समोरच्या बंगल्यातला दिवा लागला. सकाळी समोरचे गृहस्थ मुद्दाम येऊन म्हणाले, "अभिनंदन! भुंकायला लागला वाटतं." आबा म्हणाले, "हो, हळूहळू."

आजीला हे कळलं तेव्हा तिने हात जोडले. जेजुरीला वाघे देवापुढे कुत्र्यासारखं भुंकायचे, तीही सेवाच. आमच्या घरात इतक्या वर्षांत ती कोणाच्या हातून घडली नव्हती, ती घडली. येळकोट येळकोट. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य झाला की पहिलं पान खंडूचं. तो भरीत खायचा, रोडगा तुळशीमागे पुरून ठेवायचा.

मग चोरी झाली. सोनं-नाणं नाही, मागच्या अंगणातला तांब्याचा बंब गेला. तो आजीच्या लग्नातला. दोन माणसांशिवाय उचलत नसे आणि हलवला की आतली जाळी खडखडायची. म्हणजे दोघं आले, खडखड करत मागून पुढे आले, फाटक उघडून गेले. खंडू फाटकाशीच झोपायचा. सकाळी तो तिथेच होता, शेपूट हलवत होता, आणि त्याच्या पुढ्यात ग्लुकोज बिस्किटाचा रिकामा पुडा होता. हवालदार आले. अंगणात फिरले, फाटकापाशी थांबून पाटी वाचली.

"कुत्रा होता?"

"आहे," आबा म्हणाले.

हवालदारांनी खंडूकडे पाहिलं. खंडूने पंजा पुढे केला. ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. हवालदारांनी तो हातात घेतला, मग सोडला, आणि लिहिण्याच्या कामाला लागले. पंचनाम्यात कुत्र्याचा उल्लेख करू नये अशी आबांनी विनंती केल्याचं मला अंधुक आठवतं.

त्या रविवारी घरात बैठक बसली. ठेवायचा की नाही? आई म्हणाली, रोज अर्धा लिटर दूध जातं. आत्या म्हणाली, निदान ती पाटी तरी काढ, लोक हसतात. आबा म्हणाले, "का? पाटीत खोटं काय आहे?"

खरंच नव्हतं. सावध रहा असं आम्ही कोणाला म्हटलंच नव्हतं. आबांनी काटकसरीपायी जी सहा अक्षरं वाचवली, त्यांनी आमची अब्रू राखली.

याचा मी पुढे फार विचार केला आहे, म्हणजे नको तितका. कोथरूडला संध्याकाळी जे कुत्रे दोरीला धरून फिरायला निघतात, त्यांच्यातला कामावर कोण आहे? लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गारठलेल्या पाण्यात कोळ्यांची जाळी ओढायचे, पुढे साहेबाने पाडलेलं बदक दात न लावता आणून द्यायचे. इथे ते फरशीवर पंख्याखाली पाय पसरून पडतात. त्यांनी बदक आणलंच तर सोसायटीची तातडीची सभा भरेल. डॅशहुंडाला बुटका आणि लांबोडा केला तो बॅजरच्या बिळात घुसायला. आमच्याकडचा सोफ्याखाली घुसतो. डोबरमन एका जर्मन करवसुलीवाल्याने स्वतःच्या संरक्षणासाठी तयार केला असं म्हणतात, आणि कराच्या नोटिशी तर आता मोबाईलवर येतात. सगळी फौजच बेकार. त्यांना कोणी विचारत नाही. विचारतात ते एकट्या शेफर्डला, कारण तो चेहऱ्याने अजून ड्युटीवर असल्यासारखा दिसतो.

आणि त्याचं तरी मूळ काम चोर धरायचं कुठे होतं? माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या कप्तानाने 1899 मध्ये या जातीचा पहिला कुत्रा नोंदवला, तो धनगरी कुत्र्यांतून निवडून. मेंढ्या राखणारा कुत्रा. हे आबांनी वाचनालयातल्या कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि त्यांना एकदम उजेड दिसला. आपणच त्याला चुकीच्या खात्यात घातला!

दिवाळीनंतर तळजाईच्या पायथ्याशी धनगरांचा वाडा उतरला होता. शे-दीडशे मेंढ्या, दोन घोडी, घोड्यावर बांधलेली कोंबडी. आम्ही खंडूला घेऊन गेलो. आबांनी दोरी सोडली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. खंडू पाच-सहा पावलं गेला. कळपातली एक काळतोंडी मेंढी पुढे आली. तिने त्याच्याकडे पाहिलं. जमिनीवर एक खूर आपटला. खंडू वळला तो थेट स्कूटरमागे. धनगराचा कुत्रा, रोडका, एक कान फाटलेला, ज्याच्या जातीची कुठे नोंद नव्हती, तो उठलासुद्धा नाही. धनगर आजोबांनी विचारलं, "काय काम करतं हे?"

आबा जरा थांबले. म्हणाले, "आमच्याकडे असतो."

"मग बरं हाय," आजोबा म्हणाले.

गोष्टींमधल्या अशा निकामी प्राण्याला शेवटी एखादा साप भेटतो. तो बाळाच्या पाळण्याशी झुंज देतो, रक्तबंबाळ होतो, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. खंडूच्या आयुष्यात साप एकदाच आला, धामण होती, आणि ती गेल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी वासावरून कळलं. आम्हा मुलांवर त्याचा विशेष जीव होता म्हणावं तर तेही नाही. आम्ही गेलो काय, आलो काय, चोरांना मिळायचं तेवढंच शेपूट आम्हालाही मिळायचं. बारा वर्षं तो असा होता. आबा रात्री फाटकाला कुलूप लावायला जायचे तेव्हा तो बरोबर जायचा. कुलूप लागलं का ते दोघं बघायचे. मग आबा आत यायचे आणि तो तिथेच बसायचा. एवढंच.

2000 सालच्या मे महिन्यात तो गेला. त्याच दुपारी, उन्हात, आबा स्क्रूड्रायव्हर घेऊन फाटकाशी बसले. चारही स्क्रू गंजलेले. रॉकेल सोडलं, खोबरेल सोडलं, वाट पाहिली. तीन निघाले, चौथ्याची खाच गेलेली. आई दारातून म्हणाली, "अहो, राहू द्या ना पाटी. चोरांना काय कळतंय."

आबांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "अगं, पण नाहीये ना."

चौथा स्क्रू त्यांनी करवतीच्या पात्याने कापून काढला.

"काय हो? काय करू मग?" काका विचारत होते. दुसरी शिट्टी होऊन गेली होती. तिसरीला आज वेळ लागत होता; काकूंनी गॅस बारीक केला असावा. खुर्चीखालून गरम श्वास माझ्या पावलांवर येत होता.

मी विचारलं, "तुमच्या दारावर पाटी कसली आहे?"

"मुलाने पाठवलीय. दात विचकलेलं चित्र आहे."

"ते चित्र तेवढं काढा."

"आणि कुत्रा?"

तेवढ्यात तिसरी झाली. ब्रूनोने डोकं बाहेर काढलं, अंग झाडलं, टीपॉयवरचा माझा पेपर शेपटीने खाली पाडला आणि जिन्याकडे निघाला. काका थोडा वेळ बसून राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"बघू," म्हणाले, आणि त्याच्या मागून खाली गेले.