शंभर टक्के म्हणजे शून्य घात

नंदनवनला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. संध्याकाळी भाची येते आणि काउंटरच्या मागे, कागदाच्या रिमांवर वही ठेवून अभ्यासाला बसते. आठवीत आहे, सध्या घातांक सुरू आहेत. परवा तिच्या वहीत तीन चुकलेल्या ओळी दिसल्या: २^(-१) = -२, ५क्ष^० = ०, १६^(३/४) = १२. (मोबाईलवर वरचा बारीक आकडा लिहिता येत नाही, म्हणून ^ च्या पुढचा आकडा घातांक समजा.)

"नियम पाठ आहेत मामा, शून्य घाताचं उत्तर १. पण शून्य वेळा गुणलं तर एक कसा येऊन राहिला?"

हाच प्रश्न मी शाळेत विचारला होता. 'नियम आहे, पाठ कर' एवढंच उत्तर मिळालं. मी पाठ केलं, मार्कही मिळाले, पण तो धडा माझ्यासाठी बंद पेटीच राहिला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. भाचीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नव्हतं.

माझ्या मते घोटाळा होतो तो पहिल्याच वाक्यात. '२^३ म्हणजे २ तीन वेळा घेऊन गुणाकार' हे वाक्य तीनला चालतं. शून्य, उणे, अर्धा आला की त्याचा अर्थच लागत नाही. त्याऐवजी असं म्हणावं: १ पासून निघायचं, आणि घातांक सांगेल तितकी पावलं टाकायची. एक पाऊल म्हणजे एकदा २ ने गुणणं. उलट पाऊल म्हणजे २ ने भागणं.

तिला मशीनपाशी उभं केलं. माझ्या मशीनवर २५ पासून ४०० टक्क्यांपर्यंत कॉपी लहानमोठी होते. २०० दाबलं की लांबी दुप्पट, म्हणजे २^१. ४०० म्हणजे २^२. ५० म्हणजे निम्मी, २^(-१). २५ म्हणजे पाव, २^(-२). कॉपी कितीही लहान झाली तरी ती कॉपीच असते, उणी होत नाही. घातांक उणे आहे म्हणून उत्तर उणे येत नाही, २ छेदात जातो, १/२ होतं.

"आणि काहीच लहानमोठं करायचं नसलं तर काय दाबशील?"

"शंभर."

"शून्य का नाही?"

ती जरा थांबली. शून्य टक्के म्हणजे कॉपीच नाही. शंभर टक्के म्हणजे जशीच्या तशी, एक पट. एकही पाऊल टाकलं नाही तर माणूस निघाला तिथेच असतो, आणि आपण १ वरून निघालो होतो. ५क्ष^० मध्ये पाऊल न टाकणारा फक्त क्ष आहे, ५ जागेवरच आहे. म्हणून उत्तर ५. क्ष शून्य नसावा एवढी अट, कारण शून्याने भागून मागे येता येत नाही.

मग मी तिला मशीनवरची ७१ आणि १४१ ही बटणं दाखवली. ए-थ्रीचं ए-फोर करायला दिवसातून कितीदा तरी ७१ दाबतो. ए-थ्री मधोमध दुमडला की ए-फोर होतो आणि आकाराचं प्रमाण तेच राहतं. हे जमायला लांब बाजू आखूड बाजूच्या √२ पट असावी लागते. ए-फोर घ्या, २९७ मिलिमीटर भागिले २१०, साधारण १.४१४. हेच १४१ टक्के, हेच २^(१/२). ते दोनदा केलं की जवळपास २०० होतात. ७१ म्हणजे २^(-१/२), तेही दोनदा केलं की निम्मं. अर्धं पाऊल म्हणजे असं पाऊल, जे दोनदा टाकल्यावर एक पूर्ण पाऊल होतं. तिने एक कागद खरंच दोनदा ७१ वर काढला आणि मूळ कागदावर ठेवून पट्टीने मोजला. लांबी बरोबर निम्मी होती, केसाएवढा फरक सोडला तर. तो फरक ७०.७ चे ७१ केल्याचा.

१६^(३/४) चा १२ कुठून आला, तेही मग सापडलं. तिने १६ चे चार सारखे तुकडे बेरजेने केले होते. इथे पावलं गुणाकाराची: १, २, ४, ८, १६. चारपैकी तीन टाकली की ८. त्यानंतर (१६क्ष^(-८))^(३/४) तिने स्वतः सोडवलं. १६ चे ८ झाले, -८ गुणिले ३/४ म्हणजे -६, उत्तर ८/क्ष^६. मी फक्त गिऱ्हाइकाच्या मार्कशीटच्या प्रती काढत होतो.

आज नवीन प्रश्न आला आहे. पायाच, म्हणजे जिचा घात घ्यायचा ती संख्याच, ऋण असली तर अर्धं पाऊल कसं टाकायचं? -४ ला वास्तव संख्यांत वर्गमूळ नाही, पण -८ चं घनमूळ -२ निघतं. मशीनवर उणे टक्के नाहीत, त्यामुळे दोघं वही घेऊन बसलो आहोत.