तिसरं कपाट, दुसरा खण

सकाळी साडेसातला सरांचा फोन आला. "अगं, हे यंत्र दोन दिवसांत तीनदा चार्जिंगला लावलं. आणि शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही."

सर आमच्या महाविद्यालयात इतिहास शिकवायचे; मी तिथेच ग्रंथपाल. डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने त्यांचं बारीक टाइप वाचणं बंद झालं, तेव्हा घरातली सगळी पुस्तकं त्यांनी ग्रंथालयाला देऊन टाकली. मुलाने ई-रीडर आणून दिला, त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून. शिवाय वर्षानुवर्षं साठवलेल्या 2,600 फायलींची हार्डडिस्क होतीच. देणगीची शेवटची खोकी आणायला त्या दिवशी मला कऱ्हाडला जायचंच होतं.

फायली एका दमात रीडरमध्ये ओतलेल्या होत्या. असं केलं की रीडर प्रत्येक पुस्तकातला मजकूर शोधासाठी सूचीत घालत बसतो. बॅटरी त्यातच संपते, आणि सूची पुरी होईपर्यंत शोधही धड चालत नाही. जागेची अडचण नव्हती. नुसत्या मजकुराची कादंबरी एखाद्या एमबीत बसते. स्कॅन केलेल्या पीडीएफ मात्र शंभर-शंभर एमबीच्या, आणि सहा इंची पडद्यावर त्यांतली अक्षरं सरांना दिसणार नव्हती. त्या बाजूला काढल्या, संगणकाच्या मोठ्या पडद्यासाठी.

उरलेली पुस्तकं कॅलिबरमध्ये घेतली. ई-पुस्तकांचा संग्रह लावून ठेवणारं, कोविद गोयल यांनी 2006 मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आजही मोफत आहे, आणि माझ्या मते स्वतःचा डिजिटल संग्रह असलेल्या प्रत्येकाने ते शिकून घ्यावं. यादी उघडली तर एकच लेखक चार जागी: आद्याक्षरांत कुठे टिंब, कुठे मोकळी जागा, कुठे आडनाव आधी. ते जुळवणं सोपं होतं. पण विषयांच्या यादीत 'कऱ्हाड' दोनदा दिसत होतं, आणि दोन्हींत काडीचाही फरक दिसेना. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर टाइप केलेलं, दुसऱ्यात साधा पाय मोडका 'र' आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. मराठीत ही अडचण जागोजागी येते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. एका नोंदीला दुसरीचं नाव दिलं, तेव्हा दोन्हींखालची पुस्तकं एकत्र आली.

मग मी माझ्या सवयीने ग्रंथालयातलं, विषयानुसार आकडे देणारं दशांश वर्गीकरण लावायला घेतलं. भारताचा इतिहास 954, मराठी कथा-कादंबरी 891.463. सर शांतपणे ऐकत होते.

"हे तुझ्या ग्रंथालयात ठीक आहे," ते म्हणाले. "मला पुस्तक नावाने आठवत नाही गं. कुठे होतं ते आठवतं."

ते उठून रिकाम्या कपाटांपाशी गेले. पाच सागवानी कपाटं. तिसऱ्याच्या दुसऱ्या खणावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि डावीकडून सांगायला सुरुवात केली. बखरी, पत्रव्यवहार, मग कृष्णाकाठच्या घाटांवरचं एक पातळसं पुस्तक. मी टाइप करत राहिले. आठव्या जागी ते थांबले. "इथलं एकाने नेलं, परत आलं नाही. पुढचं घे."

कॅलिबरमध्ये मी 'कपाट' नावाचा नवा रकाना केला. रीडरवर पाठवताना त्यातला आकडा पुस्तकाच्या नावाआधी लागेल, अशी सोय त्यात करता येते. मूळ नोंदीतलं नाव तसंच राहतं. 3-2-07 म्हणजे तिसरं कपाट, दुसरा खण, सातवं पुस्तक. सातच्या आधी शून्य, नाहीतर दहा सातच्या आधी जाऊन बसतो. जी पुस्तकं कपाटात कधी नव्हतीच, त्यांना सरांनी सहावं कपाट दिलं.

रीडर पुसून घेतला आणि शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी पाठवायचं ठरवलं, प्रत्येक गठ्ठ्यानंतर रात्रभर चार्जिंगवर. पहिला गठ्ठा तिसऱ्या कपाटाचा.

संध्याकाळी सर खुर्चीत बसले, अक्षर मोठं केलं आणि यादीवरून बोट फिरवू लागले. 3-2-06. 3-2-07. त्यानंतर 3-2-09. बोट तिथे थांबलं.

"आठ मोकळा ठेवलास," ते म्हणाले, आणि सात उघडलं.