नवतप्यातला युरिया आणि कूलंट

मे महिन्यात, त्यातही नवतप्यात म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पोकलेन किंवा टिपरच्या मीटरवर डीईएफचा (धूर स्वच्छ करायला एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा) दिवा लागला की पहिला संशय सेन्सरवर जातो. तो महागडा भाग मागवण्याआधी युरियाचा कॅन कुठे ठेवला होता ते बघा, आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी बघा.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया, बाकी खनिजमुक्त पाणी. २५ अंशांखाली साठवलं तर दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांपर्यंत सहाच महिने. त्याहून जास्त तापलं तर वापरण्याआधी तपासायलाच हवं. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल! युरिया फुटून अमोनिया सुटतो, झाकण ढिलं असेल तर पाणी उडतं. कॅनवरची तारीख बघून उन्हाळ्याआधी पुरेल तेवढाच माल घ्या, सावलीत, फरशीच्या खोलीत ठेवा. शंका आली तर डीईएफच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणातलं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर) एक थेंब टाका. ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या बाहेर वाचन आलं तर तो माल टाकीत घालू नका. मात्र वाचन बरोबर आलं म्हणजे माल शुद्ध, असं नाही. त्यात मिसळलेले क्षार या यंत्राला दिसत नाहीत.

म्हणूनच खताचा युरिया पाण्यात ढवळून घालणं हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. खतावर निंबोळी तेलाचा थर असतो, शिवाय बाययुरेट नावाची अशुद्धी आणि क्षार. एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट एकदा खराब झाला की धुऊन बरा होत नाही. डिझेलचं नरसाळंही युरियाला लावू नका. डिझेलचे थेंब गेले तरी टाकीतले रबरी सील फुगतात. पितळ, तांबं, गॅल्वनाइज्ड पत्रा यांचा स्पर्श नको. प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टीलच चालतं.

आता कूलंट. "इथे कुठे बर्फ पडतो, बोअरचं पाणी घाल" हे वाक्य प्रत्येक साईटवर ऐकू येतं. कूलंटमधलं ग्लायकॉल निव्वळ पाणी गोठू नये म्हणून नसतं. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांला उकळतं, एक बार दाबाच्या रेडिएटर कॅपखाली सव्वाशेच्या वर. कूलंटमधली रसायनं लायनरलाही (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याला) वाचवतात. लायनर थरथरतो तेव्हा त्याच्या पाण्याकडच्या बाजूला बुडबुडे फुटतात आणि धातूला टाचणीएवढे खड्डे पडत जातात. ते आरपार गेले की पाणी ऑइलमध्ये. बोअरचं पाणी घातलं तर क्षारांचा थर बसतो तो वेगळाच.

टॉप-अप करताना साधं पाणी घालत राहिल्याने मिश्रण पातळ होतं. समजा, ४० लिटरच्या सिस्टिममध्ये ग्लायकॉल ३० टक्क्यांवर आलंय. पुन्हा निम्मं-निम्मं करायला साडेअकरा लिटर काढून तेवढंच निव्वळ कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घाला, इंजिन चालवून फिरू द्या, मग पुन्हा मोजा. कूलंटचं रिफ्रॅक्टोमीटर वेगळं असतं, डीईएफचं इथे चालत नाही. रंग बघून कूलंट निवडू नका, मॅन्युअलमधला ग्रेड बघा.

दोन्हींची गाठ नोझलपाशी पडते. बऱ्याच मशीनमध्ये एक्झॉस्टवरचं युरियाचं नोझल कूलंटनेच थंड राहतं. पातळी खाली असेल किंवा लोडवरून थेट चावी बंद केली, तर नोझल तापतं, आतला युरिया सुकून पांढरे खडे धरतो. बंद करण्याआधी तीन ते पाच मिनिटं इंजिन लोडशिवाय आयडलवर ठेवा. चावी फिरवल्यावर पंप लाईनमधला युरिया टाकीत परत ओढतो. ते पूर्ण होण्याआधी बॅटरीचा कटऑफ (मुख्य स्विच) पाडू नका. खडे जमलेच तर कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवा. तारेचा ब्रश नोझलचं तोंड बिघडवतो.

ज्या मशीनमध्ये युरियाची टाकी गरम करायला कूलंटचा व्हॉल्व्ह असतो, तिथे आणखी एक भानगड. थंड प्रदेशांसाठी केलेला हा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर नवतप्यातही टाकी शेकत राहते. इंजिन गरम असताना टाकीकडच्या कूलंट होजला जपून हात लावून बघा. होज चटका देत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, तो बदलून घ्या.

नागपूरजवळच्या उमरेड, सावनेरकडच्या कोळसा खाणींच्या धुळीत रेडिएटर बाहेरूनही बुजतो. हवा ज्या बाजूने शिरते त्याच्या उलट बाजूने, कमी दाबाने, फिन्सना काटकोनात धरून फुंका. तिरकी मारली तर फिन्स वाकतात. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत कचरा दडतो, तो समोरून दिसत नाही.